पार्टी कंपनीची, पंगत सगळ्यांची

"मॅडम, काल गुलाबजाम होते का हो?"

सकाळी हजेरी लावताना पॅकिंगमधल्या मावशींनी मला सहज विचारलं. आदल्या संध्याकाळी आमच्या कंपनीची वार्षिक पार्टी झाली होती. मावशी ठेवणीतली साडी नेसून, डोक्यात गजरा माळून आल्या होत्या. कार्यक्रमाची वेळ सातची होती. मोठे साहेब आले आठ वाजता. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग भाषणं. जेवणाच्या भांड्यांवरची झाकणं उघडली तेव्हा घड्याळात साडेनऊ झाले होते आणि मावशींच्या गावाची शेवटची एसटी होती पावणेनऊची! त्या आणि त्यांच्याबरोबरच्या पाच-सहा जणी वेफर्सची पुडी आणि गार झालेला चहा घेऊन कधीच निघून गेल्या होत्या.

"होते," एवढंच मी म्हटलं. पुढे काय बोलावं तेच सुचेना. वर्षभर कंपनीचा प्रत्येक खोका ज्यांच्या हातून जातो, त्याच उपाशी घरी गेल्या. आणि आम्ही मात्र 'पार्टी काय मस्त झाली' म्हणत होतो.

पुढच्या वर्षी साहेबांनी पार्टीची जबाबदारी माझ्यावर टाकली. "तुम्हा बायकांना घरच्या कार्याची सवय असते, तुम्हीच बघा," म्हणाले. खरं सांगू? आधी रागच आला. पण मावशींचा गुलाबजाम डोळ्यांसमोर होता. म्हटलं, बघूच आता.

मैत्रिणींनो, आज तालुक्याच्या गावीसुद्धा पतसंस्था, शाळा, दवाखाना, शोरूम, एमआयडीसीतला कारखाना, कुठे ना कुठे आपण नोकरी करतो. गॅदरिंग म्हणा, स्नेहमेळावा म्हणा नाहीतर पार्टी, कधी ना कधी ती आपल्या गळ्यात पडतेच. म्हणून माझ्या वहीतल्या चार गोष्टी सांगते.

आधी माणसं मोजा

पहिली यादी मी केली ती जेवणाची नाही, माणसांची. ऑफिस आणि कायम कामगार मिळून 42. कंत्राटदाराकडचे 28, त्यातल्या 19 बायका. वॉचमन, ड्रायव्हर, झाडलोट करणाऱ्या आणि कँटीनची माणसं धरून 6. एकूण 76. मागच्या वर्षीच्या कागदावर आकडा होता 50! म्हणजे बाकीची माणसं आली तर आली, नाही तर नाही, असाच हिशेब होता.

यादी घेऊन मी प्रत्येक खात्यात फिरले. पॅकिंगमध्ये गेल्यावर एकीने दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, त्या दिवशीचा रोज मिळणार का? नाहीतर आम्ही नाही येत." माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्हाला महिन्याचा पगार, आम्हाला पार्टी म्हणजे मजा. त्यांना मात्र एका जेवणापायी दिवसाची मजुरी बुडवायची वेळ. तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, "रोज देणार असाल तर पार्टी करू, नाहीतर त्यांच्या पैशाने आपण जेवल्यासारखं होईल." साहेब क्षणभर गप्प बसले, मग कंत्राटदाराला फोन लावला. पूर्ण रोज मिळाला. माझ्या मते पार्टीचं अर्धं यश तिथेच होतं.

दिवस ठरवताना कॅलेंडर उघडा

मला वाटलं, खंडेनवमीचा दिवस उत्तम. नाहीतरी त्या दिवशी मशिनची पूजा असते, झेंडूच्या माळा असतात, सगळे नटूनथटून येतात. पण मावशींनी लगेच अडवलं, "अहो, आमचे नऊ दिवसांचे उपास असतात. आम्ही काय नुसतं बघत बसू?" खरंच की! म्हणून दिवस ठरवताना घरातली दिनदर्शिका पुढे ठेवा. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार बघा. रमजानचे रोजे बघा. मुलांच्या परीक्षा बघा. साप्ताहिक सुट्टीचा दिवस तर नकोच. धुणं, दळण, बाजारहाट, सगळं त्याच एका दिवसावर ढकललेलं असतं.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. म्हणून संक्रांतीनंतरचा एक बुधवार ठरवला. वेळ दुपारी साडेबारा ते चार. म्हणजे कामाच्याच वेळात, उजेडात. संध्याकाळी घरी जायला उशीर नाही, 'इतक्या रात्री कसली पार्टी?' हा घरातला प्रश्न नाही, आणि घरी जाऊन स्वयंपाकाची घाई पण होत नाही. एका साध्या कागदावर वेळ, जागा आणि सुटण्याची वेळ छापून तो प्रत्येकीच्या हातात दिला. घरी दाखवायला बरं पडतं.

रात्रीचाच कार्यक्रम करायचा असेल तर दोन गोष्टी पक्क्या करा. एक, जेवण आठच्या आत सुरू झालं पाहिजे. दोन, कोण कोणत्या गाडीने घरी जाणार याची यादी आधी तयार हवी, आणि शेवटच्या बाईला दारात सोडेपर्यंत गाडीत जबाबदार माणूस हवा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे, 2000 सालापासून. तेव्हा 'अजून एक गाणं' म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

पैशाचा मेळ

आम्हाला 30 हजार रुपये मंजूर झाले. कोणाकडूनही वर्गणी घ्यायची नाही, हे आधीच ठरवून घेतलं. मग वहीत असा हिशेब मांडला. जेवण 80 ताटं (चार जास्तीची), 220 रुपयांप्रमाणे 17,600. मांडव, खुर्च्या, माईक 4,000. बक्षिसं 3,500. गाड्या 2,400. पाणी, पत्रावळी, चहा 1,500. आणि 1,000 रुपये वरखर्चाला बाजूला. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, पण रीत तीच. आधी जेवण, मग येण्याजाण्याची सोय, आणि उरलं तर सजावट. स्टेजमागच्या मोठ्या बॅनरचे पैसे वाचवून आम्ही लांबच्या बायकांसाठी दोन टमटम केल्या. बॅनर कुणाच्या लक्षात राहतं हो?

ताटात काय, किती

आचाऱ्याशी बोलताना आपल्याला अंदाज असला की तो पण नीट बोलतो. पुरी असेल तर शंभर माणसांना साधारण 8 ते 9 किलो तांदूळ पुरतो. पुऱ्यांना 9-10 किलो कणीक, बटाट्याच्या भाजीला 12 किलो बटाटे. श्रीखंड माणशी 100 ग्रॅम धरलं तर 10 किलो. अर्धं दूध, अर्धं पाणी असा शंभर कप चहा करायचा तर साडेपाच-सहा लिटर दूध. पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे दहा जार. कष्टाची कामं करणारी माणसं जास्त असतील तर भात आणि पुरी थोडी वाढवूनच सांगा. ताट मोजताना ऑफिसवाल्यांची भूक धरू नका!

पदार्थ थोडे पण गरम असावेत. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसंच उघड्यावर, साध्या हवेत ठेवायचं नाही, हा नियम पाळा. भाषणं लांबली की अन्न निवतं, आणि निवलेल्या अन्नातून पोटं बिघडतात. म्हणून भाषण झाल्यावर जेवण नाही, जेवण झाल्यावर भाषण. साहेबांना सांगायला जरा धीर लागतो, पण सांगा. थर्माकोलच्या ताटवाट्यांना आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे. पानांच्या पत्रावळी घ्या, नाहीतर मंडपवाल्याकडून स्टीलची ताटं भाड्याने आणा.

आणि हो, आम्ही गुलाबजामच केले. माणशी तीन.

हसणं कुणाच्या जिवावर नको

खेळ असे ठेवा की साहेब आणि वॉचमन एकाच रांगेत उभे राहतील. संगीतखुर्ची, अंताक्षरी, तळव्यावर लिंबू पेलत चालणं. आमच्याकडे 'डोळे बांधून खोका पॅक करा' असा खेळ ठेवला. मोठे साहेब सपशेल हरले, पॅकिंगमधली मुलगी जिंकली. टाळ्या काय पडल्या म्हणता!

पण नाचायला कुणाला ओढायचं नाही. 'चला ना मॅडम, काय लाजता' म्हणत हात धरायचा नाही. जाडी, रंग, जात, नवऱ्याचं नाव यावरून विनोद नकोत. फोटो काढताना विचारायचं आणि मोबाइलच्या ग्रुपवर टाकताना परत विचारायचं. दारू नाही, हे आम्ही आमंत्रणावरच लिहिलं होतं. काहींची तोंडं वाकडी झाली. होऊ देत.

एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवावी. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात नोकरदार बायकांच्या संरक्षणासाठी नियम घालून दिले आणि 2013 मध्ये त्याचा कायदाच झाला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार ऐकायला अंतर्गत समिती असलीच पाहिजे. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा, या कायद्यात कामाचं ठिकाण धरली जाते. तेव्हा 'ते काय, पार्टीत थोडी गंमत झाली' असं म्हणून कोणी विषय उडवून लावला, तर गप्प बसू नका. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

कामं सगळ्यांना वाटा

पार्टी म्हटलं की रांगोळी बायकांनी, ओवाळायला बायकांनी, चहा फिरवायला पण बायकांनीच. आणि माईक मात्र पुरुषांच्या हातात! मी यादी उलटी केली. वाढायला स्टोअर आणि मेंटेनन्सची मुलं. सूत्रसंचालन अकाउंटमधल्या नवीन मुलीकडे. आधी थरथरत होती, नंतर माईक सोडेना. साहेबांच्या हाती जिलबीऐवजी गुलाबजामचं पातेलं दिलं. त्यांनी पंगतीत फिरून आग्रहाने वाढलं आणि त्यांनाच ते इतकं आवडलं की आता दर वर्षी ते स्वतःच पातेलं मागून घेतात.

मी स्वतः मात्र एक चूक केली. सगळ्यांचं झालं का, पाणी आलं का, गाडी आली का, असं करत दोन वाजेपर्यंत उभीच होते. आपल्याला घरी पण तीच सवय ना! सगळ्यांची पानं उचलली की मग आपण. तेवढ्यात पॅकिंगच्या मावशी आल्या, माझ्या हातातली वही काढून घेतली आणि म्हणाल्या, "बसा आता. तुमचं पान मांडलंय." त्यांच्या शेजारीच बसले. पुरी गरम होती. गुलाबजाम वाढायला साहेब आले तेव्हा मावशी म्हणाल्या, "मॅडमना एक जास्त वाढा, मागच्या वर्षीचा माझा राहिलाय."

चार वाजता टमटम दारात उभ्या होत्या. बायका खिदळत, एकमेकींना जागा करून देत बसल्या. उरलेले लाडू आणि चिवडा मी पुड्या करून प्रत्येकीच्या हातात दिला. घरी मुलं वाट बघत असतात, आई पार्टीला गेली की मुलांना वाटतंच आपल्यासाठी काहीतरी येणार.

तेव्हा मैत्रिणींनो, पार्टीचं काम तुमच्याकडे आलं तर 'बायकांचंच काम' म्हणून कुरकुरू नका आणि 'मला काय जमणार' म्हणून मागेही सरू नका. एकदा वही हातात आली की चार नियम आपले घालता येतात. पार्टी कशी झाली हे दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारू नका. सगळ्यात लांबच्या गावाहून येणाऱ्या बाईला विचारा, "काल पोटभर जेवलात ना? आणि घरी वेळेवर पोचलात ना?"

ती हो म्हणाली, की समजा पार्टी झाली.