गोठ्यातले यंत्र आणि वैरणीचा हिशेब

वसुबारसेला शहरातल्या बिऱ्हाडांतूनही गाय-वासराची पूजा होते. खरी गाय मिळाली नाही तर चित्रातली चालते. चित्रातल्या गाईचा मोठा गुण हा, की ती काही खात नाही! खऱ्या गाईचे तसे नसते. 400 किलो वजनाच्या दुभत्या गाईला पाण्याचा अंश वगळून रोज 10 ते 12 किलो आहार लागतो. दुधाच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक वाटा या चारा-ढेपेचाच असतो.

यवतमाळ जिल्ह्याने हा धडा महागात घेतला आहे. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली. तिच्यात दुभती जनावरे देण्याची योजना होती. हेतू चांगला; पण जातिवंत गाय दारी आली आणि तिच्या खाण्यापायी कित्येक घरांची कंबर मोडली. कापूस आणि सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली आणि ज्वारीबरोबर कडबाही दुर्मिळ झाला. मग वैरण आणायची कुठून?

यावर यंत्र हा उपाय सुचवला जातो. डेन्मार्क, हॉलंडमधल्या वराहशाळांत खाद्य नळातून आपोआप येते. मादीच्या कानातला बिल्ला ओळखून संगणक तिचा तेवढाच वाटा पुढे टाकतो. तिथे मजुरी महाग आणि एका छपराखाली हजारो जनावरे, म्हणून यंत्राचा खर्च हजारो तोंडांत वाटला जातो. आपल्याकडेही राष्ट्रीय पशुधन अभियानातून 2021 पासून वराहपालनाला भांडवलाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 30 लाख रुपये अनुदान ठेवले गेले. पण नळातून आले म्हणून खाद्य स्वस्त होत नाही. त्यातून कापसाच्या या जिल्ह्यात सरकीची ढेप मुबलक असली तरी ती डुकरांना फारशी घालता येत नाही. तिच्यातले गॉसिपॉल हे द्रव्य त्यांना बाधते. रवंथ करणाऱ्या गाई-म्हशी ते बऱ्याच अंशी पचवतात. म्हणजे डुकरांसाठी मका आणि सोयाबीनची ढेप विकत घेणे आले. पाच-दहा डुकरांसाठी असले यंत्र म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

तेव्हा मजुरी वाचवणारे यंत्र वेगळे आणि वैरण वाचवणारे वेगळे. दुसऱ्या जातीचे यंत्र आपल्या ओळखीचे आहे : कडबाकुट्टी. अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि जाड धांडे पायाखाली तुडवते. बारीक कुट्टी करून त्यात तुरीचे कुटार आणि थोडी ढेप मिसळली की बरेचसे पोटात जाते.

आता हिशेब मांडू. समजा, घरी तीन जनावरे आहेत, प्रत्येकाला रोज 10 किलो कडबा पडतो आणि त्यातला पाव हिस्सा वाया जातो. कुट्टीने त्यातला निम्मा वाचला, तर रोज पावणेचार किलो, वर्षाला सुमारे 1,370 किलो. किलोला 5 रुपये धरले तर 6,850 रुपये. विजेचे यंत्र 25,000 रुपयांचे धरले तर ते फिटायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल. वीजबिल आणि पात्यांची धार वेगळीच. पण अशाच चार घरांनी मिळून एक यंत्र घेतले, तर वर्षाची बचत 27,400 रुपयांच्या घरात जाते आणि यंत्र वर्षभरातच बरेचसे फिटते. गणित तेच, जे डेन्मार्कात : यंत्राला तोंडे पुरेशी हवीत.

एक खर्च मात्र वहीत लिहिला जात नाही. कुट्टीच्या रुळांत पेंढीबरोबर हात ओढला गेला तर बोटे जातात. आणि हे काम बहुधा बायका-मुलांवर पडते. म्हणून तोंडाशी झाकण आणि रूळ उलटे फिरवण्याची सोय असलेले यंत्र हजार-दोन हजारांनी महाग पडले तरी तेच घ्यावे. मुलांना त्याच्या जवळ फिरकू देऊ नये.

शेतकऱ्याच्या दारी गाय बांधण्याआधी तिच्या वर्षाच्या वैरणीची तजवीज विचारावी, मग यंत्राची. हा क्रम उलटला की गाय घर पोसत नाही. घरालाच गाय पोसावी लागते.