चित्रीकरण व्यवसाय आणि परवडणारा विमा : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात

भोरचा राजवाडा रुपेरी पडद्यावर अनेकदा झळकला असला, तरी परिसरातील नित्याचे चित्रीकरण लग्नसमारंभ, जत्रा व राजगड-तोरण्यावरील माहितीपटांचे असते. 'ताल' (१९९९) सारख्या मोठ्या चित्रपटाने उतरविलेला सर्वंकष विमा दोन-तीन माणसांच्या चमूला झेपणारा नव्हे. त्याने माणसे व साधने यांचा विमा वेगवेगळा उतरविणे हिताचे ठरते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयोगटातील बँक खातेदारास वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. साधनांचे गणित मात्र अवघड आहे. दुकानाच्या पॉलिसीचे संरक्षण बहुधा दुकानाच्या चार भिंतींपुरतेच असते. वेल्ह्याच्या (आता राजगड तालुका) डोंगरात पडून फुटलेला कॅमेरा त्यात येत नाही. त्यासाठी बाहेरही लागू राहणारी 'ऑल रिस्क' पॉलिसी हवी. हप्ता वाचविण्यासाठी किंमत कमी दाखविणे येथे अंगाशी येते. ४ लाखांची साधने २ लाखांची दाखविल्यास, सरासरीच्या अटीनुसार १ लाखाच्या नुकसानीपोटी ५० हजारच हाती पडतात. त्यापेक्षा किरकोळ दुरुस्तीचा भार स्वतः सोसण्याची वाढीव वजावट स्वीकारून हप्ता कमी करून घेता येतो. उभ्या गाडीतून होणाऱ्या चोरीसंबंधीचे कलम तर सहीपूर्वीच वाचावे.