कोशेर : ताटातले नियम आणि मनातली कृतज्ञता



नियम म्हटला की मुलांचं तोंड वाकडं होतं. हे खाऊ नको, ते खाऊ नको, हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. मग खाण्याच्या बारीकसारीक नियमांबद्दल कुणी देवाचे आभार मानत असेल का? ज्यू धर्मातली अनेक कुटुंबं मानतात. ती असं का करतात, हे समजून घेतलं तर मुलांना 'कृतज्ञता' हे मूल्य शिकवताना आपल्यालाही खूप काही मिळतं.

कोशेर म्हणजे काय?

'कोशेर' हा हिब्रू शब्द आहे. त्याचा अर्थ 'योग्य', आपल्या बोलीत 'चालणारं'. खाण्याच्या या सगळ्या नियमांना 'कश्रुत' म्हणतात. त्यांचा पाया ज्यूंच्या 'तोरा' या पवित्र ग्रंथात आहे. मुख्य नियम असे :

• प्राणी रवंथ करणारा आणि दुभंगलेल्या खुरांचा हवा. गाय, शेळी, मेंढी चालतात. डुकराचे खूर दुभंगलेले असतात, पण ते रवंथ करत नाही, म्हणून वर्ज्य.

• माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. कोळंबी, खेकडे चालत नाहीत.

• रक्त खायचं नाही. म्हणून मांस साधारण अर्धा तास पाण्यात भिजवतात, मग मीठ लावून तासभर निथळत ठेवतात आणि धुऊन घेतात. पालेभाजीसुद्धा किडे नाहीत ना, हे बघूनच शिजवायची.

• मांस आणि दूध एकत्र नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीन वेळा येते. त्यामुळे कोशेर स्वयंपाकघरात दोन्हींची भांडी वेगळी असतात. मांस खाल्ल्यावर दूध घ्यायला काही तास थांबतात. कुठे तीन, कुठे सहा. धान्य, भाज्या, फळं, अंडी ही दोन्हींत न मोडणारी, म्हणून त्यांना 'पारवे' म्हणतात.

दोन गैरसमज

पहिला : धर्मगुरूंनी मंत्र म्हटला की अन्न कोशेर होतं. तसं नाही. पदार्थ कशापासून आणि कसा बनवला, यावर ते ठरतं. दुसरा : हे सगळे आरोग्याचे नियम आहेत. 12व्या शतकातले वैद्य आणि विचारवंत मैमोनिदीस यांनी आरोग्याची कारणं मांडली हे खरं. पण तोरामध्ये कारण दिलंय ते पवित्रतेचं. सगळेच ज्यू कोशेर पाळतात असंही नाही. कुणी काटेकोर पाळतात, कुणी फक्त घरात, कुणी अजिबात नाही.

मग कृतज्ञता कुठून आली?

आता गंमत बघा. भूक लागलीय, समोर ताट आहे, तरी माणूस क्षणभर थांबतो. हे काय आहे? कुठून आलं? मला चालतं का? हे थांबणं हीच कृतज्ञतेची पहिली पायरी. न बघता गिळलेल्या घासाबद्दल आभार कसे मानणार?

या थांबण्याला जोड आहे ती 'ब्राखा' या छोट्या प्रार्थनेची. ती सगळ्या पदार्थांना एकच नसते. पावासाठी वेगळी, द्राक्षरसासाठी वेगळी, झाडाच्या फळासाठी वेगळी, जमिनीतून उगवणाऱ्या पिकासाठी वेगळी. सफरचंद झाडाचं फळ, बटाटा जमिनीचं पीक. आणि केळं? केळीला लाकडी खोड नसतं, म्हणून केळ्यासाठी जमिनीच्या पिकाची प्रार्थना! म्हणजे आभार मानायचे तर लहान मुलालाही आधी माहीत हवं, की आपण खातोय ते कुठे आणि कसं उगवलं. परिसर अभ्यासाचा याहून चांगला पाठ कोणता?

जेवण झाल्यावर पुन्हा एक मोठी प्रार्थना असते. पोट भरल्यावर देवाचा धन्यवाद करावा, असं तोरा सांगतो. उपाशी माणसाला देव आठवतोच, भरल्या पोटी विसर पडतो. म्हणून ही आठवण. घरातल्या जनावरांना खाऊ घातल्याशिवाय आपण जेवू नये, अशीही शिकवण आहे. आपल्याकडच्या गोग्रासाची आठवण होते ना?

अशा घरांत स्वयंपाकघर हेच प्रार्थनेचं ठिकाण बनतं. वर्षातून एकदा नाही, तर रोज, प्रत्येक घासाला. नियम नसता तर ही रोजची आठवण राहिली नसती. म्हणून आभार अन्नाचे, आणि नियमाचेही.

आपल्या कोकणातला धागा

हे सगळं फार दूरचं नाही. रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं गावांवरून आलेली. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मांसाच्या रश्शात दूध-दही चालत नाही, तिथे त्यांनी नारळाचं दूध वापरलं. नियम पाळला आणि चव कोकणाची राहिली!

नवस फेडताना किंवा शुभकार्याला ते 'मलिदा' करतात. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा आणि फळं. एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचं स्मरण करून, हिब्रू प्रार्थना म्हणून मग तो वाटतात. त्यांच्या कृतज्ञतेचा हा अस्सल कोकणी रूपातला विधी.

वर्गात काय करता येईल?

1. आजच्या डब्यातला एक पदार्थ निवडून तो शेतापासून डब्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आला, याची यादी मुलांकडून करून घ्या.

2. घरात खाण्याचे कोणते नियम आहेत आणि का, हे आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. कोणता नियम बरोबर, कोणता चूक, ही चर्चा मात्र नको.

3. 'तुला हे चालत नाही? बिचारा!' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. चिडवण्यापेक्षा ही दयाच मुलांना जास्त टोचते. 'तुमच्याकडे हे कसं करतात, सांग ना,' असं विचारायला शिकवा.

वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं शेजारी शेजारी बसून जेवतात. एकाचं पथ्य दुसऱ्याला विचित्र वाटलं की अंतर पडायला सुरुवात होते. त्या पथ्यामागे आभाराची भावना असू शकते, हे ज्याला लहानपणी कळलं, तो मोठेपणी कुणाच्या ताटाकडे तुच्छतेने बघणार नाही.