सरड्याची धाव दवाखान्यापर्यंत!

कुत्रा आजारी पडला तर कुठे न्यायचं, हे गल्लीतलं पोरसुद्धा सांगेल. पण पाळलेला सरडा आजारी पडला तर? आणि तोही पुण्या-मुंबईत नाही, चक्क परभणीत?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं दिवसातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय माझ्या एका मित्राला जेवण जात नाही. मूळचा परभणीचा, नोकरी हिंजवडीतल्या आयटी कंपनीत आणि फ्लॅटवर रूममेट म्हणून एक ऑस्ट्रेलियन सरडा! बिअर्डेड ड्रॅगन त्याचं नाव. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि दाढी काळीकुट्ट करतो. म्हणून घरच्यांनी त्याचं बारसं केलं, 'बुवा'.

डिसेंबरात मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. महिनाभर वर्क फ्रॉम होम मिळालं आणि लॅपटॉपबरोबर बुवाही ट्रॅव्हल्सने रात्रभर प्रवास करून जिंतूर रोडवरच्या घरी पोचला. पहिला आठवडा मजेत गेला. पाहुणेमंडळी बुवाबरोबर फोटो काढत होती. मग बुवाने खाणं कमी केलं. दिवसभर कोपऱ्यात डोळे मिटून पडून राहायला लागला.

"बुवा काय की लई मलूल पडलाय रे," काकू म्हणाल्या.

"थंडी आहे ना आई, झोपेचा सीझन आहे त्याचा," मित्राने विषय संपवला.

झोप की आजार?

तसा त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. परभणीची थंडी म्हणजे चेष्टा नाही. मेमध्ये चाळिशी पार करणारा इथला पारा डिसेंबर-जानेवारीत रात्री एक आकडी होतो. आणि मोठे बिअर्डेड ड्रॅगन हिवाळ्यात खरोखरच सुस्तावतात. कमी खातात, आठवडेच्या आठवडे झोपून काढतात. याला ब्रुमेशन म्हणतात.

पण यात एक गोम आहे. ब्रुमेशनमध्ये सरड्याचं वजन फारसं उतरत नाही आणि शी पातळ होत नाही. बुवाची शी पातळ होती आणि वास असा, की मांडववालाही नाकाला रुमाल लावून विचारायला लागला. शेवटी मित्राने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. पुण्यात ४१० ग्रॅम भरलेला बुवा आता ३४० वर आला होता. सत्तर किलोच्या माणसाचं तीन आठवड्यांत बारा किलो वजन उतरावं, तसंच हे!

आता मात्र टेन्शन आलं. लग्नघरात सल्ल्यांना काय तोटा? कोणी म्हणालं, पोरांना देतो ते जंताचं औषध पाजा. कोणी म्हणालं, शेळीला देतात ते थोडंसं द्या. मित्राने मला रात्री अकराला फोन केला. आवाज रडवेला. "सहा वर्षं झाली यार त्याला. लग्नाच्या गडबडीत माझं लक्षच नव्हतं."

'सरडा नाही, शी रोज पाहतो!'

आता परभणीत एक्झॉटिक पेट्सचा डॉक्टर कुठून आणायचा? पण एक गोष्ट आपण विसरतो. जनावरांच्या बाबतीत हे गाव अडाणी नाही. इथे १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांचे जंत हा या भागातल्या डॉक्टरांचा रोजचाच विषय.

मित्र ज्या डॉक्टरांकडे गेला ते बुवाकडे बघून हसले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मी असा सरडा फारसा पाहिलेला नाही. पण शी मात्र रोज पाहतो. ताजा नमुना आणा."

हाच सगळ्यात मोठा फंडा! औषध आधी नाही, मायक्रोस्कोप आधी. दुसऱ्या दिवशी पहाटे बुवाने नमुना दिला, पण दवाखाना दहाला उघडणार. मग ती घट्ट झाकणाची डबी दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजमध्ये गेली... श्रीखंडाच्या शेजारी. त्यानंतर काकू काय बोलल्या, ते इथे छापता येणार नाही.

रिपोर्टमध्ये दोन पाहुणे निघाले. एक, पिनवर्म म्हणजे बारीक सुतासारख्या कृमींची थोडी अंडी. ती थोडीफार तर धडधाकट सरड्यातही सापडतात. दुसरा पाहुणा खरा व्हिलन होता, कॉक्सिडिया. हा एकपेशीय परजीवी आतड्याच्या अस्तरात घुसून वाढतो. कोंबड्यांना होणारी 'रक्ती हगवण' पोल्ट्रीवाल्यांना पक्की माहीत असते. ती याच्याच चुलत भावंडामुळे होते. सरड्यातली जात वेगळी, पण खोड तीच. हा पाहुणा शरीरात आधीपासून गुपचूप बसलेला असू शकतो. प्रवास, थंडी, गोंगाट यांनी सरडा खचला, की तो डोकं वर काढतो. बुवाच्या नशिबी तिन्ही एकदम आले होते.

औषध थोडं, धुणंभांडी फार

डॉक्टरांनी पुण्यातल्या एका सहकाऱ्याला फोन करून डोस पक्का केला आणि वजन करून, थेंब मोजून औषध दिलं. कॉक्सिडियाचं औषध वेगळं, कृमींचं वेगळं. कृमींसाठी वापरलं जाणारं फेनबेंडाझोल जास्त झालं, तर सरड्याच्या रक्तपेशी कमी होऊ शकतात. लग्नघरातल्या त्या 'थोडंसं द्या'ने काय झालं असतं, विचार करा.

पण डॉक्टरांचं खरं प्रिस्क्रिप्शन पुढेच होतं. कॉक्सिडियाची अंडी शीतून बाहेर पडतात, बाहेर पिकतात आणि खाण्यापाण्यातून पुन्हा पोटात जातात. नेहमीच्या फिनाइल-ब्लीचला ती दाद देत नाहीत. त्यामुळे पेटीतली वाळू, लाकूड, शोभेची झाडं सगळं बाहेर गेलं. खाली वर्तमानपत्र, ते रोज बदलायचं. शी दिसली की लगेच उचलायची. भांडी आणि पेटी उकळत्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण वाळली की मगच बुवाला आत ठेवायचं. मुंडावळ्या बांधायच्या आदल्या दिवशीपर्यंत नवरीचा भाऊ हेच करत होता!

दुसरी लढाई उबेची. सरडा थंड रक्ताचा. अंग तापल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही आणि आजाराशी झगडायची ताकदही येत नाही. दिव्याखालची जागा साधारण ४० अंश, दुसरी बाजू २५-२८. एका रात्री वीज गेली, तेव्हा काकांनी स्वतः उठून गुडघ्यांसाठीची गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून बुवाशेजारी ठेवली. महिनाभर "घोरपड घरात आणून ठेवलीये" म्हणणारे हेच काका!

अकराव्या दिवशी बुवाने भोपळ्याचा कीस खाल्ला. मित्राने मला फोटो पाठवला, खाली शब्द एकच, "खाल्लं!!!" पंधरा दिवसांनी शी पुन्हा तपासली तेव्हा कॉक्सिडिया थोडे उरलेच होते. औषधाचा दुसरा राउंड झाला. फेब्रुवारीत पुण्यात केलेली तपासणी स्वच्छ आली आणि वजन होतं ३९५.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हसत म्हणतो. पण पेटीतल्या बुवाला तर कुंपणही स्वतःहून गाठता येत नाही. त्याची धाव आपल्या पायांनीच व्हायची असते. मित्र आता दर रविवारी न चुकता त्याचं वजन करतो. 'मला दुखतंय' हे बुवा कधीच बोलणार नाही. वजनकाटा मात्र बोलतो.

हे लक्षात ठेवाच!

• दर आठवड्याला वजन करा आणि लिहून ठेवा. वजन उतरतंय आणि शी पातळ आहे, तर ती झोप नव्हे.

• नवा प्राणी आणला की आधी शी तपासा, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याला घरातल्या इतर सरड्यांपासून लांब ठेवा.

• शेतातले किडे खायला घालू नका. कापूस-सोयाबीनवरच्या फवारणीचं विष त्यांच्यात असू शकतं. काजवा तर कधीच नाही. एकच काजवा जीव घेऊ शकतो.

• हाताळल्यावर साबणाने हात धुवा. सरड्यांकडून माणसाला साल्मोनेला होऊ शकतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना जरा लांबच ठेवा.

• घोरपड किंवा स्टार कासव यांसारखे आपले रानटी प्राणी पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. काही परदेशी प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. विकत घेण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा.