पाकिटातला निर्व्यसनी

इंग्लंडमधील जुन्या वस्तूंच्या बाजारांत फुटबॉलपटूंची चित्रे असलेली इवलीशी कार्डे आजही विकली जातात. लांबी जेमतेम पावणेतीन इंच, रुंदी दीड इंचाच्याही आत. पुढच्या बाजूस संघाच्या पोशाखातला खेळाडू, मागे चार-सहा ओळींत त्याची माहिती आणि तिच्याखाली एखाद्या सिगारेट कंपनीचे नाव. १९३० च्या दशकातील या कार्डांवर स्टॅन्ली मॅथ्यूज हा तरुण खेळाडू भेटतो. गंमत अशी, की हा खेळाडू सिगारेट ओढत नसे, मद्य घेत नसे आणि मांसाहारही करीत नसे. त्याचे चित्र मात्र घरोघरी पोहोचले ते सिगारेटच्या पाकिटातून.

मॅथ्यूजचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हॅन्ली या गावी झाला. चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक परिसरातले हे गाव. वडील जॅक हे न्हावी, शिवाय मुष्टियोद्धे. त्यांची शिस्त कडक होती. पहाटे उठायचे, उघड्या खिडकीशी उभे राहून दीर्घ श्वसन आणि व्यायाम करायचा, हा नेम त्यांनी मुलांना लावला आणि स्टॅन्लीने तो पुढे कधी सोडला नाही. वयाच्या सतराव्या वर्षी तो स्टोक सिटीकडून पहिला सामना खेळला, एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडकडून. चेंडू पायाशी ठेवून बचावपटूला झुलवत नेण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. खरे तर येथे ‘पाय’ म्हणायला हवे.

सोमवारी तो उपवास करीत असे. व्रत म्हणून नव्हे, शरीर हलके राहावे म्हणून. पण ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशीचा नेम आहे, तेथील वाचकांना या माणसाविषयी वेगळे काही सांगायला नको. सुमारे तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीत पंचांनी त्याला एकदाही ताकीद दिली नाही, ही गोष्ट त्याच्या आहारापेक्षाही अधिक बोलकी आहे. त्याच्याकडून चेंडू हिरावता येत नसल्याने प्रतिस्पर्धी त्याच्या पायांवर घाव घालीत. उलट घाव मात्र येत नसे.

सिगारेटच्या पाकिटात चित्र आले कसे, याचे उत्तर अगदी साधे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत आणि आतील सिगारेटी चेपू नयेत म्हणून एक ताठ पुठ्ठ्याचा तुकडा घालावा लागे. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर जाहिरात आली, मग चित्रे आली. जहाजे, पक्षी, राजे, सैनिक आणि १८९६ पासून फुटबॉलपटू. पन्नास चित्रांचा एक संच आणि प्रत्येक पाकिटात त्यातले एकच. संच पुरा करायचा तर सिगारेटी घेतच राहायला हव्यात. या धंद्यात विल्स हे नाव मोठे होते. १९९६ ची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा ज्यांनी पाहिली, त्यांना हे नाव तेव्हा खेळाच्या आडून कुठे कुठे झळकत होते ते आठवेल.

चित्रांचा खरा ग्राहक ओढणारा नव्हताच; होता त्याचा मुलगा. तंबाखूच्या दुकानाबाहेर मुले घोळक्याने उभी राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाकिटातले चित्र मागत. वडिलांनी, काकांनी कुठली सिगारेट ओढावी याविषयी घरातले सात-आठ वर्षांचे पोर आग्रह धरी, कारण त्याला एकच खेळाडू हवा असे. आपल्याकडेही एके काळी मुलांनी काड्यापेट्यांचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटे रस्त्यावरून वेचली, त्यांवर डाव मांडले. वस्तू टाकाऊ होती, खेळ निष्पाप होता. पण कोणत्या दुकानाच्या उंबऱ्याशी मुलाला नेऊन उभे केले जात होते, याचा विचार फारसा कुणी केला नाही. सात व्यसनांच्या त्यागाचा पाठ ज्या परंपरेत लहानपणीच दिला जातो, तिला या युक्तीतली मेख चटकन कळावी.

मॅथ्यूजच्या बाबतीत ही विसंगती कार्डापाशी थांबली नाही. १९५० च्या दशकात क्रेव्हन ए या सिगारेटच्या जाहिरातीत तो स्वतः झळकला. १९५० सालीच रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला होता. स्वतः न ओढणाऱ्याने इतरांना ओढण्याची शिफारस करावी, याचे समर्थन कठीण आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या वेतनावर मर्यादा होती आणि १९६१ साली ती उठली तेव्हाही ती आठवड्याला अवघी २० पौंड होती, हे लक्षात घेतले तरी ते सोपे होत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित असा भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मॅथ्यूजचे पाऊल नेमके कुठे घसरले हे दाखवावे लागत नाही.

तरीही हा माणूस एवढ्यावर निकालात काढता येत नाही. १९५३ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूल १-३ असा मागे असताना उजव्या बगलेवरून त्याने बोल्टनचा बचाव असा काही उसवला, की सामना ४-३ असा फिरला. तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनचे होते, पण सामना ओळखला जातो तो मॅथ्यूजच्या नावाने. १९५६ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा पहिलावहिला ‘बॅलन डी’ओर’ त्याला मिळाला, तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. पहिल्या श्रेणीतला शेवटचा सामना तो ६ फेब्रुवारी १९६५ रोजी खेळला, वयाची पन्नाशी ओलांडून पाच दिवस झाल्यावर. पुढे वर्णद्वेषाच्या काळात त्याने दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोच्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलांना शिकवले आणि १९७५ साली त्यांचा संघ ब्राझीलला नेला.

महायुद्धातल्या कागदटंचाईने १९४० च्या सुमारास सिगारेट-कार्डे बंद पडली. नंतर खेळाडूंची चित्रे मुलांच्या खाऊबरोबर येऊ लागली. त्यातला एक खाऊ म्हणजे सिगारेटच्या आकाराची साखरेची कांडी! काही सवयी गेल्या तरी आपला आकार मागे ठेवून जातात.

या छंदाला तंबाखूपासून पुरते सोडवले ते इटलीतील एका विधवेच्या कुटुंबाने. मोडेना शहरात ओल्गा पानिनी यांनी १९४५ साली वृत्तपत्रांचे एक लहान दुकान घेतले. पदरी चार मुलगे आणि चार मुली. १९६० साली मुलांनी मिलानमधील एका कंपनीची न खपलेली चित्रे विकत घेतली, दोन-दोनची पाकिटे केली आणि दहा लिरांना एक याप्रमाणे विकली. पाहता पाहता तीस लाख पाकिटे संपली. पुढच्याच वर्षी ज्युसेप्पे आणि बेनितो या भावांनी स्वतःची चित्रे छापली. पहिले चित्र इंटर मिलानच्या ब्रूनो बोल्कीचे. एका पाकिटात एकच खेळाडू दोनदा येऊ नये म्हणून चित्रे नीट मिसळणे महत्त्वाचे होते. सुरुवातीस हे काम हातांनी होई. मग व्हेनेझुएलाहून परतलेल्या उंबेर्तो या भावाने त्यासाठी यंत्रच तयार केले.

त्या काळातील पिझ्झाबाल्लाची गोष्ट इटलीत अजून सांगितली जाते. पिएर लुईजी पिझ्झाबाल्ला हा अटलांटा संघाचा गोलरक्षक. १९६३-६४ च्या संग्रहासाठी छायाचित्रकार आला त्या दिवशी तो गैरहजर होता. त्याचे चित्र उशिरा आणि मोजकेच निघाले. शाळांच्या अंगणांत मुले ‘चेलो, चेलो, मांका’, म्हणजे ‘आहे, आहे, नाही’, असे पुटपुटत एकमेकांचे गठ्ठे चाळीत; पिझ्झाबाल्लापाशी सगळ्यांचेच ‘नाही’ होई. त्याच्याहून थोर खेळाडू त्या संग्रहात कितीतरी होते. वहीतला रिकामा चौकोन मात्र त्याचा होता, म्हणून नाव त्याचे राहिले.

हव्यासाचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूच्या मोलावरून नव्हे, तर तिच्यातील मूर्च्छेवरून सांगितली आहे. येथे वस्तू म्हणजे कागदाचा एक तुकडा. १९५८ साली स्वीडनमध्ये छापलेल्या, सतरा वर्षांच्या पेलेच्या एका कार्डासाठी अलीकडे लक्षावधी डॉलर मोजले गेले. ज्यांच्याशी कधी कुणी खेळले नाही, ज्यांचे कोपरे दुमडले नाहीत, जी वहीत चिकटवलीच नाहीत, अशा कार्डांना सर्वाधिक भाव मिळतो. मुलाच्या हातांत जे खरोखर जगले, ते बाजाराच्या दृष्टीने खराब झाले.

परंतु या छंदातील दोन मोठ्या संग्राहकांनी शेवटी निराळे केले. खाणउद्योगात आयुष्य घालवलेले एडवर्ड व्हॉर्टन-टायगर यांचा सिगारेट-कार्डांचा संग्रह जगात सर्वांत मोठा मानला जाई; मृत्युपत्राने तो त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिला. ज्युसेप्पे पानिनी यांनी मृत्यूपर्यंतही वाट पाहिली नाही. अनेक वर्षे जमवलेली जुनी चित्रे त्यांनी १९९२ साली, हयातीतच, मोडेना नगरपालिकेच्या स्वाधीन केली. आज सांता मार्गेरिता या जुन्या वास्तूत त्यांचे संग्रहालय आहे. ज्या रस्त्यांवर त्यांच्या आईचे वृत्तपत्रांचे दुकान होते, ते तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.