खिशातले वाद्य आणि लेखकांचा गैरसमज

माउथ ऑर्गनविषयी लिहिताना भल्याभल्यांची लेखणी एकाच ठरीव वळणाने जाते. वाद्य खिशात मावते, त्याला गुरू लागत नाही, ते सुरात लावून घ्यावे लागत नाही, फुंकर घातली की वाजते. सबब ते भटक्यांचे, सैनिकांचे आणि शाळकरी पोरांचे वाद्य! पात्र एकाकी आहे असे सुचवायचे झाले की कथालेखक त्याच्या हाती माउथ ऑर्गन देतो आणि मोकळा होतो. बासरी तर साधा बांबूचा तुकडा. पण तिला कोणी सोपी म्हणत नाही.

जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ सालच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीत, दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांच्या मुक्कामावर तीन वाद्यांची तुलना येते. गिटार मोलाची व शिकावी लागणारी, फिडल दुर्मिळ आणि कठीण. माउथ ऑर्गन मात्र हरवला तरी हळहळ नको, पाव डॉलरला दुसरा मिळतो. तथापि, ओंजळीने आणि ओठांनी सुराला आकार देण्याच्या युक्त्या वाजविणारा आपल्या आपणच शिकत जातो, हेही स्टाइनबेक यांनी नोंदवून ठेवले आहे. या वाद्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी मात्र त्याची स्वस्ताई तेवढी उचलली आणि स्वस्त ते सोपे असे समीकरण मांडले.

वस्तुतः हे वाद्य किती सोपे आहे, हे पाहण्यासाठी दहा छिद्रांचा साधा माउथ ऑर्गन हाती घ्यावा. त्यात वीस पितळी रीड असतात. एकाच छिद्रातून श्वास सोडला तर एक सूर, ओढला तर दुसरा. चौथ्या छिद्रापासून सप्तक सुरू होते. सा फुंकून, रे ओढून, ग फुंकून, म ओढून असे आलटून पालटून ध पर्यंत बिनबोभाट जाता येते. पुढे सातव्या छिद्राशी क्रम उलटतो. ध ओढल्यावर नी देखील ओढूनच घ्यावा लागतो, आणि मग त्याच छिद्रात सा फुंकायचा. हौसेने वाद्य विकत घेतलेला नवशिका नेमका येथे अडखळतो आणि दोष आपल्या कानाला देतो! खालच्या सप्तकात तर म आणि ध बसविलेलेच नाहीत. ते हवे असतील तर जीभ व तोंडाची पोकळी यांचा आकार बदलून दुसऱ्या छिद्रातील ओढलेला प आणि तिसऱ्यातील नी खाली उतरवावे लागतात. तोंडाच्या आत काय घडते ते शिकणाऱ्याला दिसत नाही आणि शिकविणाऱ्याला दाखविता येत नाही.

याच बाबतीत हार्मोनियमची आठवण होते. दोन्ही वाद्ये एकाच कुळातली, रीडवर बोलणारी. हार्मोनियमवर मींड निघत नाही हा त्याच्यावरचा मोठा आक्षेप, आणि आकाशवाणीने १९४० साली त्याच्यावर घातलेली बंदी अनेक वर्षे टिकली. त्याच कुळातले खेळण्यासारखे मानलेले हे धाकटे भावंड मात्र सूर वाकवू शकते. ‘खेळणे’ हा शब्द येथे अलंकारिक नव्हे. अमेरिकेतील वादकांची संघटना कित्येक वर्षे त्याला वाद्य मानावयासच तयार नव्हती. बटणाचा, बारा स्वरांचा प्रकार वाजविणारे लॅरी अॅडलर यांच्यासाठी व्हॉन विल्यम्स यांच्यासारख्या मातब्बर इंग्रज संगीतकाराने १९५१ साली वाद्यवृंदासह स्वतंत्र रचना केली, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या नकाराचे नवल वाटते.

आपल्याकडे या वाद्याची ओळख चित्रपटांनी करून दिली. १९६४ च्या ‘दोस्ती’त ते राहुलदेव बर्मन यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी वाजविले. १९७५ च्या ‘शोले’त सांजवेळी हवेलीतले दिवे मालवणारी राधा आणि दूर बसलेला जय हा प्रसंग पिढ्यान् पिढ्या प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. त्या प्रसंगात संवाद नाही. बोलतो तो माउथ ऑर्गनच. पडद्यावर तो अमिताभ बच्चन यांच्या ओठांशी दिसतो. तो वाजविला होता भानू गुप्ता यांनी, आणि हे नाव ठाऊक असलेला प्रेक्षक आजही विरळाच.