५३० अक्षरं गळाली आणि जिवाणू चवताळला

आमच्या भिवंडीत मागावर एक धागा तुटला की कापड डागी. हिरड्यांच्या एका जिवाणूचं मात्र उलटं आहे. त्याचा तुकडा गळाला आणि तो जास्तच खतरनाक झाला!

नाव ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स. (दमलात ना? 'एए' म्हणा.) आपल्या पांढऱ्या पेशी मारणारं ल्युकोटॉक्सिन हे विष तो बनवतो. ते किती बनवायचं हे ठरवणारा डीएनएचा एक भाग असतो. 'जेपी२' वाणात तिथलीच ५३० अक्षरं गायब, म्हणून विष धो धो. मोरोक्कोतल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन वर्षांत दाताचा आधार ढिला होण्याचा धोका, एए नसलेल्यांच्या तुलनेत, साधा वाण असलेल्यांना ३ पट, जेपी२वाल्यांना १८ पट! जिवाणू तोच, बरं का.

हा वाण मुख्यतः उत्तर-पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतो. पण दुसरा खलनायक, पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस, सगळीकडे आहे. त्याच्या चिकटायच्या केसांच्या जनुकाचे सहा प्रकार, त्यातला दुसरा बहुधा जास्त त्रासदायक.

आणि जिवाणूचा वाण कुठलाही असो, कारखान्याबाहेरच्या टपरीवर विडी ओढत ‘माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही’ म्हणणाऱ्या दादांनो, विडीनं रक्त येणं कमी होतं, आजार आत चालूच राहतो.